गाऱ्हाण्याचं सॅम्पल

क्षमा घाडीशी मी चार महिने बोलत नव्हते. आजही तिचं नाव काढलं की माझं डोकं तापतं. तेव्हा हे कौतुक वगैरे नाही, आधीच सांगून ठेवते. मला कोणाचंच कौतुक करायला जमत नाही, आणि तिचं तर मुळीच नाही.

वाकोल्यात तिचं घर आणि माझं घर एकाच मजल्यावर, मध्ये फक्त जिना. पूर्वी इथे चाळ होती, तेव्हा मध्ये नळ होता. दोघींचं गावही एकच, मालवणकडचं आंबेखोल. माझा धंदा ब्लाऊज शिवायचा, तिचा लिहायचा. माप घेतल्याशिवाय आणि अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. हे तिला कधीच कळलं नाही, आणि सगळी वाट तिथेच लागली.

लहानपणापासून हिच्या हाताला लिहायची खाज. कोणाचं रेशनकार्ड हरवलं, क्षमा अर्ज लिही. कोणाचा बाप वारला, क्षमा फळ्यावर चार ओळी लिही. कोणाच्या सुनेच्या माहेरी पत्र पाठवायचंय, बोलवा क्षमाला. पेनाची रिफिलसुद्धा हिचीच. पार्ल्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाली आणि अंधेरीला चकाल्यात एका भाषांतराच्या ऑफिसात लागली. सतरा वर्षं तिथे घासली. औषधाच्या खोक्यात बारीक घडी केलेली चिठ्ठी असते ना, बँकेचा फॉर्म असतो, शाम्पूच्या पुडीमागे 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा' असं असतं, ते सगळं मराठी हिचं. तुम्ही वाचलेलं असणार, नाव मात्र कुठेच नाही. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत होत नाही म्हणजे बघा.

तिचे वडील सीतारामकाका. मिल बंद पडल्यावर एका गोदामावर वॉचमन होते. वर्षभर दुसऱ्याचं गेट उघडायचं आणि लावायचं. पण सव्वीस जानेवारीला तो माणूस राजा. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते म्हणून आमच्या आंबेखोलकरांच्या मुंबई मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते, इथेच वाकोल्यातल्या एका हॉलमध्ये. पूजेआधी गाऱ्हाणं. हातात नारळ घेऊन एक माणूस गावच्या देवाला, रवळनाथाला, मोठ्या आवाजात साकडं घालतो. अमक्याचं लग्न होऊ दे, तमक्याची केस सुटू दे. आणि प्रत्येक मागण्यामागून सगळा हॉल एका दमात ओरडतो, 'व्हय म्हाराजा!' हे गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यानपिढ्या घाडींचा, आणि आमच्या मंडळात सीतारामकाकांच्या घराचा. त्या घरात दुसरं काही नव्हतं. पंखासुद्धा हप्त्यावर घेतलेला. पण मान होता.

आता आतली गोष्ट. काकांचा आवाज खणखणीत, पण डोक्यात काही राहायचं नाही. म्हणून पूजेच्या आधी पंधरा दिवस क्षमा वही घेऊन आम्हा गाववाल्यांच्या घरोघर फिरायची. वाकोला, कलिना, पार मानखुर्दपर्यंत. "यंदा देवाला काय सांगायचं?" एवढंच विचारायची आणि गप्प बसायची. तिच्या त्या गप्प बसण्यात काहीतरी होतं, माणसं भडाभडा बोलायची. भावाला न सांगितलेलं, नवऱ्यापासून लपवलेलं. मग ती त्याचं मालवणीत गाऱ्हाणं बांधायची आणि काकांकडून पाठ करून घ्यायची. नाव घ्यायची, पण मांडणी अशी, की आतलं ज्याचं त्याला कळेल आणि दुसऱ्याला फक्त अंदाज येईल. हॉलमध्ये तेवढं चालतं. सगळे आपलेच असतात.

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत परब, जुना माणूस, पण सरळ. ते म्हणाले, घर घाडींचं आहे ना, मग मुलगी घालेल गाऱ्हाणं. बाईमाणसानं कधी घातलं नव्हतं. क्षमानं घातलं. काका पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले, आणि प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर टक् करून मारत होते. मी रडले. मी रडते तेव्हा मला फार राग येतो.

एकाच माणसाचं पोट दुखलं. हर्षद घाडी, काकांचा चुलत पुतण्या. कलिन्यात इस्टेट एजंट, मंडळाचा सेक्रेटरी, कानात सदा ते निळं लुकलुकणारं. घाडी तर मी पण, पुरुष मी, मग ही कोण, असं त्याचं. या मेल्यानं आयुष्यात कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचलेला नाही. एकदा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणीकपातीचा भलामोठा मेसेज टाकला. अख्ख्या वाकोल्यानं पिंपं भरून ठेवली. मेसेजच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं, 'वरील माहिती खोटी आहे, पसरवू नका.'

तर क्षमाचं ऑफिस सुटलं. भाषांतर मशीन करायला लागलं, आणि मशीननं केलेलं तपासायला मालकानं सतरा जणांतला एक माणूस ठेवला. तो माणूस क्षमा नव्हती. कोणीतरी सांगितलं, आता नोकऱ्या ऑनलाइन मिळतात. बसली लॅपटॉप घेऊन.

मला ती साइट तिनं एकदा दाखवली होती. बाजार नुसता! कामं टांगलेली, आणि खाली पन्नास-पन्नास माणसं बोली लावतायत, मी एवढ्यात करतो, मी त्याहून कमी घेतो. बोली लावायला पॉइंट लागतात, आणि ते पॉइंट विकत घ्यायचे. म्हणजे नोकरी मागायचेसुद्धा पैसे. वर तारे. काम दिलेला माणूस खूश झाला तर पाच तारे, नाही झाला तर एक, आणि तारे कमी झाले की पुढचं काम नाही. फोटो लावला की लोक भलतंच विचारतात म्हणून हिनं फोटो लावला नव्हता. नाव ठेवलं 'केएस कंटेंट'. न पाहिलेल्या हॉटेलांबद्दल लिहायची. कुत्र्याच्या केसांना कुठलं तेल लावावं ते लिहायची. आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही.

आणि प्रत्येक जण आधी सॅम्पल मागायचा. 'छोटंसं लिहून पाठवा, आवडलं तर काम देऊ.' ही पाठवायची. चांगलं, पूर्ण, घोटून लिहिलेलं. नव्वद टक्के लोक पुढे गप्प.

"अगं बये," मी म्हटलं, "मी कोणाला सॅम्पल ब्लाऊज शिवून देते का? घालून बघ, नाही आवडला तर ठेव तुझ्याकडे?"

"लिहिण्याचं तसं नसतं गं पद्मे. दाखवल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

"त्यांना सगळं कळतं. तुलाच कळत नाही."

हसली. या बाईचं हसणं म्हणजे भांडणाचा सत्यानाश.

मागच्या जुलैत एक काम टांगलेलं दिसलं. 'अस्सल मालवणी गाऱ्हाणं पाहिजे. तीनशे शब्द. आधी सॅम्पल.' हिला वाटलं, हे तर आपलंच. वेडीच झाली. आता कोणीही शहाणी बाई काय करेल? खोटा देव, खोटं गाव, खोटी नावं घालून लिहून टाकेल. पण घाडीची मुलगी ना! देवाचं नाव घेऊन खोटं मागणं मागायचं नाही, असं त्यांच्या घरात. खोटं गाऱ्हाणं घातलं तर ते उलटतं म्हणे. म्हणून हिनं काय केलं? जानेवारीत हॉलमध्ये घातलेलं खरं गाऱ्हाणं वहीतून काढलं आणि जसंच्या तसं पाठवून दिलं. खरा रवळनाथ. खरी घरं. खरी माणसं. पाठवायच्या आधी काकांना वाचून दाखवलं, आणि काकांनी टक् टक् करून साथ दिली. दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. पाठवताना हिच्या डोळ्यांसमोर आमचा हॉल होता. साइटवर हॉल नसतो, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं, 'टोन जुळत नाही. धन्यवाद.'

मग गणपती आले. दुसऱ्या दिवशी माझी अबोली ऑफिसातून दुपारीच घरी आली. पंचवीस वर्षांची माझी मुलगी, चेहरा पांढराफटक. फोन माझ्यासमोर धरला. आधी मला काही समजेना. कार्टूनमधली धोतर नेसलेली चार माणसं, हातात नारळ, आणि समोर चकचकीत संडासाचं भांडं. "बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा! वरल्या घरातल्या अबोलीचा मोडलेला लगीन जुळांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "सुताराच्या सौरभाची दारू सुटांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "जो काय काळो डाग असात तो धुवन टाक रे म्हाराजा!" आणि भांड्यावर निळं लिक्विड ओतलं. टॉयलेट क्लीनरची जाहिरात.

काळ्या डागाची ओळ जाहिरातवाल्यांची. बाकी अक्षर न् अक्षर क्षमाचं.

वरलं घर म्हणजे गावातलं आमचं घर. अबोलीचं जमलेलं लग्न मोडलं, हे मी आधी फक्त क्षमाला सांगितलं होतं, वहीसमोर बसून. आता ते बत्तीस सेकंदांत महाराष्ट्रभर वाजत होतं. ज्यांनी लग्न मोडलं त्या घाटकोपरवाल्यांनीसुद्धा ते अबोलीला पाठवलं होतं, पुढे हसणारे चेहरे. ऑफिसातल्या पोरी विचारत होत्या, 'ही तूच का गं?'

मी जिना ओलांडून गेले. क्षमा मोदकांची उकड मळत होती. फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिनं पूर्ण पाहिलं. हाताला उकड तशीच चिकटलेली.

"मी दिलं नाही गं. मी फक्त सॅम्पल..."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मी ओरडले. "माझ्या पोरीचं दुःख तुझं सॅम्पल काय? दुसऱ्याच्या घरचं रडणं फुकट वाटत फिरतेस आणि स्वतःला लेखिका म्हणवतेस! पुन्हा माझ्या दारात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

काका खुर्चीतून बघत होते. त्यांच्यासमोर मी हे बोलले. बोलले ते बोलले.

पुढचं मला नंतर कळलं. तिनं साइटवर तक्रार केली. उत्तर आलं, काम तुम्हाला दिलेलं नव्हतं, करार झालेला नव्हता, त्यामुळे यात आम्ही पडू शकत नाही. वर ताकीद, की पुन्हा क्लायंटला त्रास दिलात तर अकाउंट बंद. मग अंधेरीला त्या जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात गेली. काचेचं दार, थंडगार हवा, दोन तास बसवून ठेवलं. शेवटी एक पोरगी आली, हातात कॉफीचा ग्लास. "पण मॅम, हे ट्रॅडिशनल आहे ना? फोक. ते तर सगळ्यांचंच असतं." मालवणी त्यांच्यातल्या एकालाही धड कळत नव्हती. नुसतं ऐकायला मजेशीर वाटलं म्हणून घेतलं. विसर्जन झाल्यावर जाहिरात आपोआप बंद झाली, कारण तोपर्यंत त्यांचा सीझन संपला होता.

ऑक्टोबरात मंडळाची मीटिंग लागली. हर्षद तयारीनंच आलेला. रवळनाथाला संडासात नेऊन बसवलं, गावाची अब्रू विकली, किती घेतलेस सांग! क्षमा म्हणाली, "एक रुपया घेतला नाही." त्यावर तो हसला, "म्हणजे फुकट विकलीस!" लोक पण हसले. सौरभची आई हसली नाही, ती नुसती तिच्याकडे बघत बसली, आणि ते जास्त वाईट होतं. मग हर्षद म्हणाला, मान त्या घरातून काढा, यंदापासून गाऱ्हाणं मी घालतो, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा.

सगळ्यात आधी माझा हात वर होता. लपवत नाही.

क्षमानं घरी जाऊन काकांना सांगितलं. मध्ये फक्त जिना आहे, ऐकू येतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. अबोली नंतर औषधाची गोळी द्यायला गेली होती, ही पोरगी माझं काही ऐकत नाही. ती म्हणाली, "आजोबा भिंतीकडे तोंड करून बसलेत. जेवत नाहीत."

जानेवारी आला. हर्षदनं ग्रुपवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाकलं, की ज्यांना देवाला काही सांगायचंय त्यांनी आपापला प्रॉब्लेम रविवारपर्यंत एका ओळीत पाठवा. एकशेबारा माणसांनी वाचलं. एकानंही पाठवलं नाही. कोण पाठवणार? 'माझा मुलगा मला मारतो', हे ग्रुपवर टाकायचं?

दोन दिवसांनी सकाळी दारावर टकटक. क्षमा. चार महिन्यांनी. हातात फोन.

"तंगडं मोड हवं तर," ती म्हणाली. "पण आधी हे बघ."

साइटवर एक काम टांगलेलं होतं. 'आंबेखोल गावचं गाऱ्हाणं लिहून पाहिजे, देव रवळनाथ, अर्जंट. आधी सॅम्पल.' नाव एच. जी. प्रॉपर्टीजचं, म्हणजे हर्षदच. तो आपल्या फ्लॅटच्या जाहिराती तिथूनच स्वस्तात लिहून घ्यायचा, हे आम्हाला माहीत होतं. 'केएस कंटेंट' म्हणजे कोण, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं. साइटवर मालवणी लिहिणारं दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे साइटनं आपणहून हिचं नाव त्याला सुचवलेलं.

माझा राग एका क्षणात अर्धा तिकडे गेला. "घे पैसे आणि काही देऊ नकोस मेल्याला. उभा राहू दे नारळ घेऊन बोंबलत."

"नाही गं. गाऱ्हाणं झालंच पाहिजे. लोकांचं मागणं राहिलं तर कसं?"

"मग सॅम्पल पाठव. तुझी हौस आहेच."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर उभी राहून टाइप केलं, 'सॅम्पल मिळणार नाही. पूर्ण रक्कम आधी साइटकडे जमा करा, मग लिहीन.' त्यानं तीनदा मागितलं. तिनं तीनदा तेच वाक्य पाठवलं. चौथ्यांदा त्यानं गुपचूप पैसे जमा केले. सतरा वर्षं ऑफिसात आणि दोन वर्षं त्या बाजारात घालवून बाईला पहिल्यांदा 'नाही' म्हणता आलं, आणि तेही माझ्या दारात.

मग ती वही घेऊन फिरली. आधी वाटलं, हिला कोणी दारात उभं करणार नाही. पण सोनूबाई म्हातारीनं जिन्यातच हात धरला, "माझ्या गुडघ्याचा सांग गो देवाक." दुसऱ्या दिवशी सौरभची आई आपणहून आली. पोरगा तीन महिने प्यायला नव्हता, तेवढंच राहू दे म्हणाली. लोकांनी दारं लावली ती पुढची. मागची उघडीच होती.

माझ्याकडे आली तेव्हा मी मशीन चालवत होते. थांबवलं नाही.

"यंदा तुझ्या घरचं काय सांगू?"

"माझ्या घराचं नाव घ्यायचं नाही. एक अक्षर नाही."

"बरं," म्हणाली आणि गेली.

तीन पानं पाठवली तिनं हर्षदला. चार मिनिटांत त्यानं 'मंजूर'चं बटण दाबलं. चार मिनिटांत तीन पानं, तीही मालवणीत. मंजूर झालं की साइट पैसे सोडते. सोडले.

सव्वीस जानेवारीला हॉल भरला. हर्षद पांढऱ्या झब्ब्यात, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फोन. काकांना अबोलीनं आणि क्षमानं धरून आणलं होतं. अबोलीनं त्यांना पुढे नेऊन खुर्चीत बसवलं. क्षमा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. अबोली माझ्या शेजारी येऊन बसली.

सुरुवात झाली. "बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" लिहिलेलं काय होतं म्हणून सांगू! सोनूबाईचा गुडघा, मानखुर्दच्या परबांची भाडेकरूची केस, सौरभचे तीन महिने. ज्याचं त्याचं माणूस मान खाली घालून ऐकत होतं. हर्षदला एका शब्दाचा अर्थ पोचत नव्हता, पण लोक असे हलतायत बघून त्याला चढायला लागलं. आवाज वाढला, वेग वाढला. 'व्हय म्हाराजा' छपरापर्यंत जायला लागलं. काकांचा डावा हात टक् टक्.

तशातच तो एका दमात वाचून गेला, "जो कोण आजारी म्हाताऱ्याचो मान काढून घेता, फुकटचो मोठेपणा मिरयता, आणि दुसऱ्याकडसून लिवन घेतलेला आपला म्हणान वाचता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल.

सवयीनं ओरडले सगळे. मी मात्र ओळ नीट ऐकून ओरडले, आणि सगळ्यात मोठ्यानं. काकांनी दोनदा मारलं, टक् टक्.

आपण काय बोललो ते हर्षदच्या डोक्यात शिरायला दोन-तीन सेकंद लागले. मागून कोणीतरी फिसकन हसलं. त्यानं फोनवर बोट फिरवलं, पुढे काय आहे ते आयुष्यात पहिल्यांदा आधी वाचून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. नारळ तसाच ताटात ठेवला. "हे... हे मी नाही बोलत," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

गाऱ्हाणं अर्धवट. आमच्यात ते चालत नाही. अर्धवट गाऱ्हाणं म्हणजे देवाला हाक मारून पाठ फिरवणं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. श्यामकांत परब उठले. "अपुरा ठेवूचा नाय," ते म्हणाले. "क्षमा, ये गो. पुरा कर."

ती पुढे आली. नारळ घेतला. फोन नाही, वही नाही. आवाज काकांसारखा मोठा नव्हता.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी माझ्यार भरवसो ठेवलो. मी तेंचा दुख उचलून परक्यांच्या हातात दिलंय. पैशे नाय घेतलंय, पण दिलंय. तेच्यात एका पोरीचा हसा झाला. ही माझी चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

आणि थांबली.

कोणी काही म्हणेना. 'व्हय' म्हणणं म्हणजे मान्य करणं. बायका हळूहळू माझ्याकडे वळून बघायला लागल्या, कारण पोरगी माझी होती. काकांचा हात दांडीवर नुसता ठेवलेला, हलला नाही. सख्ख्या लेकीसाठी हलला नाही. क्षमा नारळ धरून उभी.

मी ओठ मिटून घेतले होते. माझा राग माझा आहे, मी कुठल्या हॉलच्या भीतीनं तो सोडणार नाही.

शेजारून आवाज आला. "व्हय म्हाराजा."

अबोली. एकटी. आवाज फाटलेला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग पुढे टक् झालं. मग सगळा हॉल.

त्या दिवशी हर्षदनं साइटवर तिला एक तारा दिला. खाली लिहिलं, 'नॉट प्रोफेशनल.' क्षमानं जिन्यात मला ते दाखवलं. तिला आलेली आणखी दोन कामं त्या ताऱ्यापायी गेली, आणि तरी बाई हसत होती. मी हसले नाही. म्हटलं, "उद्या ये, माप देऊन जा. सव्वीस जानेवारीला तो विटलेला ब्लाऊज घालून उभी राहतेस, बघवत नाही. अर्धे पैसे आधी."

क्षमाच्या त्या मागण्याला 'व्हय म्हाराजा' मात्र मी अजून म्हटलेलं नाही. अबोली रोज विचारते. म्हणेन. अजून वेळ आहे.